भाड्याच्या गाडीने ओमानच्या वाळूत: आधी सोबत ठरवा, मग रस्ता

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: पुण्याहून तुम्ही चौघं मित्र जानेवारीत मस्कतला उतरणार, हातात सात दिवस, एक फोर-बाय-फोर भाड्याने घेणार. शर्कियाचं वाळवंट उत्तरेकडून दक्षिणेला समुद्रापर्यंत ओलांडायचं, आणि जमलं तर दक्षिणेचं ते अफाट वाळवंट, रुब अल खाली, तेही बघायचं. घरी थार आहे, पावसाळ्यात मावळात आणि कोकणात कच्च्या रस्त्यांवर ती भरपूर फिरवली आहे. गाडी कोणती घ्यावी आणि मार्ग कसा आखावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मस्कतमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी नवख्यांना वाळूत गाडी चालवायला शिकवतो. गाडी आणि मार्ग या दोन्हींच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: आत रुतलात तर तुम्हाला ओढून काढणारी दुसरी गाडी कोणाची? हे नक्की झालं की किती आत जायचं, कोणती गाडी, किती पाणी, कुठला विमा, हे सगळं त्यावरून ठरतं.

वाळूत गाडी रुतते. शिकलेल्यांचीही रुतते. दोन गाड्या असतील तर पट्टा लावून टोचन करायचं आणि पुढे निघायचं, एवढंच ते काम असतं. गाडी एकटी असेल तर तेच काम फावडं घेऊन उन्हात करावं लागतं, आणि त्यात पाणी संपतं, डोकं तापतं, निर्णय चुकायला लागतात. शर्किया, ज्याला जुने लोक अजून वहिबाच म्हणतात, सुमारे 12,500 चौरस किलोमीटरचं आहे. उत्तर-दक्षिण लांबी साधारण 180 किलोमीटर, रुंदी 80. उत्तरेच्या भागात वाळूच्या उंच रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत आणि दोन रांगांमध्ये सपाट पट्टे आहेत. त्या पट्ट्यांतून गाडी मजेत पळते, म्हणून पहिल्या तासात माणसाला वाटतं की हे तर सोपं आहे. पट्टा बदलायची वेळ आली की रांग आडवी ओलांडावी लागते, आणि खरी परीक्षा तिथे असते. दक्षिणेकडे टेकाडं ठेंगणी होतात, पण वाळू मऊ होते आणि माणसांची वर्दळ विरळ होत जाते. एकट्या, भाड्याच्या गाडीने, पहिल्याच खेपेला हे पूर्ण ओलांडायला मी कोणालाही हो म्हणणार नाही. ओलांडायचंच असेल तर बिदिया (वाळवंटाच्या उत्तर कडेचं गाव) भागातला स्थानिक वाटाड्या त्याच्या स्वतःच्या गाडीसह घ्या. त्याने तुमच्या गाडीत शेजारी बसून काम भागत नाही, त्याची वेगळी गाडी हवी.

रुब अल खाली या वेळेला सोडून द्या. मस्कत ते सलाला रस्त्याने सुमारे 1,000 किलोमीटर आहे. सलालाहून थुमरैत, शिसर असं करत पुढे वाळूला जाऊन भिडायचं, म्हणजे सातातले चार दिवस डांबरी रस्त्यावर जातील. तिथली टेकाडं शर्कियाच्या दुप्पट उंच आहेत आणि मदत फार लांब. पुढे कधी विमानाने सलाला गाठा आणि तिथल्याच माणसांच्या गाड्यांबरोबर आत जा. ती वेगळी सहल म्हणून करण्यासारखी आहे.

आता करार. भाड्याची गाडी म्हटल्यावर तुम्ही कुठे जाऊ शकता हे आधी कागद सांगतो, वाळू नंतर. फोर-बाय-फोर भाड्याने दिली म्हणजे ती टेकाडांवर न्यायला परवानगी आहे असं बहुतेक लोक धरून चालतात. पुष्कळ करारांत कच्च्या पण आखलेल्या रस्त्यापर्यंत विमा लागू असतो आणि वाळू, वाडीचं (म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राचं) पाणी, समुद्रकिनारा हे स्पष्टपणे वगळलेलं असतं. काउंटरवरचा माणूस हसून 'नो प्रॉब्लेम' म्हणतो, पण नुकसान झाल्यावर कराराचं वाक्य वाचलं जातं. म्हणून बुकिंग करण्याआधी ईमेलवर थेट विचारा: बिदियाच्या आतल्या एखाद्या वाळवंटी कॅम्पचं नाव देऊन, तिथपर्यंत गाडी नेली तर विमा लागू आहे का? टायर, काच आणि गाडीचं पोट यांचं नुकसान कोणाकडे? रुतल्यावर गाडी बाहेर काढायचा खर्च कोणाचा? नुकसानीत आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार? दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत? दुसऱ्या चालकाचं नाव लिहिता येईल का? उत्तर लेखी मिळालं नाही तर ते नाही असंच समजा. वाळूची परवानगी देणाऱ्या, छतावर तंबू आणि सामान लावून गाड्या देणाऱ्या कंपन्या मस्कतमध्ये आहेत. त्यांचं भाडं जास्त असतं, पण तुमच्या बेताला त्याच योग्य.

एखादा ओरखडा पडला किंवा किरकोळ ठोकर बसली तरी पोलिसांचा कागद घ्यायचा, त्याशिवाय विम्याचं काही पुढे सरकत नाही. इथला पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक 9999 आहे, तो चौघांच्याही फोनमध्ये असू द्या. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो आणि त्याच्यासोबत मूळ लायसन्स बाळगावं लागतं. अनामत रकमेसाठी गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्डवर अडून बसतात.

गाडीबद्दल. नुसतं 'फोर व्हील ड्राइव्ह' लिहिलेलं पुरत नाही, लो रेंज गिअर, म्हणजे हळू वेगात जास्त ताकद देणारा, हवा. फॉर्च्युनर, प्राडो, पजेरो, निसानची पट्रोल या जातीच्या गाड्यांत तो असतो. शहरी एसयूव्ही दिसायला तशाच असतात, पण त्यांत तो नसतो. ताब्यात घेताना तासभर काढा, घाई करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. लो रेंज तिथेच, कंपनीच्या आवारात टाकून बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. इथल्या उन्हात पाच वर्षांपुढचा टायर मी नाकारतो, नक्षी कितीही चांगली दिसो. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल तर ती खाली उतरवून दाखवायला सांगा. दांडा जुळत नाही, साखळी गंजली आहे, हे आवारात कळलेलं बरं. जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायला फूटभर रुंदीची जाड फळी आहे का बघा, कारण वाळूत उघडा जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच आत जातो. ओढायचा हुक पुढे आणि मागे कुठे आहे ते वाकून बघा. काही गाड्यांना पुढे पातळ कड्या असतात. त्या ट्रकवर गाडी बांधण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाहीत. मग सगळ्या बाजूंनी आणि पोटाखालून व्हिडिओ काढा.

सोबत लागणारं सामान थोडंच, पण त्यातलं काहीही गाळायचं नाही: चाकाखाली घालायच्या दोन वाळू-पट्ट्या, लांब दांड्याचं फावडं, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायच्या, वजन छापलेल्या कड्या (शॅकल), हवेचा दाब मोजायचं मीटर, आणि थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर. सिगारेट लायटरवर चालणारे छोटे पंप चार मोठे टायर भरता भरता तापून बंद पडतात. पट्टा कधीही ट्रेलरच्या गोळ्याला अडकवू नका. ताणाखाली तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, त्यात माणसं मेली आहेत. ओढताना बाकी सगळ्यांनी पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर, एका बाजूला उभं राहायचं.

उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र सोबत असावं हे खरं, कारण वाळवंटाच्या कडेला मोबाइल चालतो आणि आत गेलं की जातो. पण ते भारतातून घेऊन येऊ नका आणि इथे विकत घेऊन परत नेऊ नका. थुराया, इरिडियम यांसारखी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगायला बंदी आहे, आणि गिर्यारोहक वापरतात ती छोटी गार्मिन इनरीचही त्यात येते. गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना त्यापायी ताब्यात घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मस्कतमध्ये भाड्याने घ्या आणि इथेच परत करा.

आता हवेबद्दल सविस्तर सांगतो, कारण वाळूतल्या गाडी चालवण्याचा निम्मा भाग तोच आहे. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये 32 ते 35 पीएसआय असते. वाळूवर पाऊल टाकण्याआधी ती 15 ते 18 वर आणा. हवा कमी केली की टायर खाली लांबट पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि गाडीचा भार जास्त जागेवर वाटला जातो. रुंदीपेक्षा ही लांबी कामाची. पुष्कळ जण 25 वर थांबतात, टायर खराब होईल या भीतीने, आणि मग इंजिनवर सगळा भार टाकतात. गाडी वाळूत ओरडत असेल, वेग धरत नसेल, तर ऍक्सिलरेटर दाबण्याआधी हवा मोजा. कमी हवेवर वेग मर्यादित ठेवायचा आणि झटक्यात वळायचं नाही, कारण टायर रिममधून निसटतो. दुपारी टायर तापले की दाब दोन-चार पीएसआयने वाढतो, तेव्हा पुन्हा मोजायचा. आणि डांबरावर चढण्याआधी हवा पूर्ण भरायचीच. 15 वर 100 च्या वेगाने पळवलेला टायर फुटतो. बिदियात हवा भरून देणारी दुकानं रस्त्यालाच आहेत, पण त्यांच्या भरवशावर कॉम्प्रेसर मागे ठेवू नका.

तुमच्या सह्याद्रीतल्या सरावाबद्दल. चिखलात आणि दगडांत आपण लहान गिअर टाकतो, हळू जातो, चाक कुठे ठेवायचं ते निवडतो. वाळू वेग मागते. फार नाही, पण सतत. चढावर मध्येच गिअर बदलला, पाय ढिला सोडला की गाडी बसते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर नेमक्या क्षणी ते इंजिनची ताकद काढून घेतं. थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नका, पाय काढा आणि गाडीला आपोआप थांबू द्या. ब्रेक मारला की चारही चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायची जागा उताराकडे तोंड करून, किंवा निदान कडक सपाटीवर निवडा.

टेकाडावर सरळ चढा आणि सरळ उतरा. तिरकं जायचं नाही. गाडी बाजूला घसरायला लागली तर स्टिअरिंग उताराकडे फिरवून हलका ऍक्सिलरेटर द्या. मन नेमकं उलट, वरच्या बाजूला वळवायला सांगतं आणि गाडी उलटते. माथा जवळ आला की वेग सोडा, कारण पलीकडची आडोशाची बाजू एकदम तीव्र असते आणि तिथे उंट, दुसरी गाडी किंवा खड्डा असू शकतो. अनोळखी माथा आधी पायी चढून बघा. त्याच पायपिटीत कळतं की पाऊल किती बुडतंय. चढ जमला नाही तर वळायचा प्रयत्न न करता त्याच चाकोरीतून सरळ मागे या. गाडीला उंच झेंडा लावून घ्या, म्हणजे माथ्यापलीकडून येणाऱ्याला तुम्ही आधी दिसाल.

सकाळी दंवामुळे वाळूचा वरचा थर बसलेला असतो. उन्हं चढली की तीच वाट मऊ होते. म्हणून सकाळी सहज पार केलेली वाट दुपारी परतताना अडवू शकते, हे वेळापत्रकात धरा.

रुतलात तर पहिल्या क्षणी ऍक्सिलरेटर सोडा. चाकं जागेवर फिरली की प्रत्येक फेरीला गाडी खाली जाते आणि शेवटी तिचं पोट वाळूवर टेकतं. मग चाकं अधांतरी फिरत राहतात. आधी चालक सोडून सगळे उतरा, तीन माणसांचं वजन कमी झालं तरी फरक पडतो. लो रेंज टाकून आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घेऊन बघा. पुष्कळदा एवढ्यावर सुटते. नाही सुटली तर चाकांच्या ज्या बाजूला जायचंय तिथली वाळू काढा आणि पोटाखालचीही काढा. ती काढायचा लोकांना कंटाळा येतो आणि तिथेच दोन तास जातात. मग हवा 10 ते 12 पर्यंत आणा, पट्ट्या चाकाला अगदी भिडवून लावा आणि हलक्या पायाने निघा. कडक जमिनीवर पोचेपर्यंत थांबू नका, पट्ट्या नंतर चालत येऊन उचला. मग हवा पुन्हा 15 वर. आणि अगदीच अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

मग सात दिवसांचं काय? उतरल्यावर पहिला दिवस मस्कतमध्येच घालवा, गाडी घ्या, सामान भरा आणि शहरात थोडी चालवा. इथे वाहतूक उजव्या बाजूने आहे, चालक डावीकडे बसतो, आणि पहिल्या दिवशी इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो. राउंडअबाउट भरपूर आहेत, आत फिरत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने कुरियात, वाडी शाबवरून सूर, रात्री रास अल जिंझला कासवं. तिसऱ्या दिवशी बिदिया गाठा आणि आतल्या कॅम्पवर मुक्काम करा. बऱ्याच कॅम्पची माणसं मुख्य रस्त्यावर घ्यायला येतात, त्यांच्या मागे गाडी चालवणं हाच तुमचा पहिला धडा. चौथा पूर्ण दिवस वाटाड्याच्या गाडीबरोबर: सकाळी लहान टेकाडांवर सराव, मग एक-दोन रांगा ओलांडणं, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा. मोठी गाडी घेण्यात जो पैसा घालणार होतात तो या माणसावर खर्च करा. एका दिवसात तो जे शिकवेल ते व्हिडिओ बघून येत नाही. पाचव्या दिवशी सकाळी वाडी बनी खालिद करून निझवाला जा. सहावा जबल अखदर या डोंगरावर. बिरकत अल मौझजवळ पोलिस नाका आहे आणि तिथून वर फक्त फोर-बाय-फोर सोडतात, म्हणजे तुमच्या भाड्याचे पैसे तिथेही वसूल होतात. उतरताना लहान गिअरवर उतरा, ब्रेकवर बसून राहू नका. सातव्या दिवशी मस्कत. सहावा दिवस शुक्रवारी येईल असं जमवलंत तर वर निघण्याआधी पहाटे निझवाचा बकऱ्यांचा बाजार बघायला मिळेल.

नकाशावर दक्षिणेला बर अल हिकमान आणि खलूफ दिसतील, पांढरी वाळू आणि निळं पाणी. फोटो बघून मोह होतो. तिथे सबखा आहे: वर मिठाचा कडक थर, खाली ओला गाळ. वरून सपाट मैदान दिसतं आणि गाडी दरवाज्यापर्यंत बुडते. एकट्या गाडीने तिकडे जाऊच नका.

पाणी माणशी दिवसाला किमान 5 लिटर, आणि त्यावर आणखी एका पूर्ण दिवसाचा साठा. इंधन वाळूत दीडपट ते दुप्पट जळतं, त्यामुळे बिदियात टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय आत शिरू नका. जानेवारी उत्तम महिना आहे. दिवसा सुखद, रात्री स्वेटर लागतो. पण हिवाळ्यातही कधी पाऊस होतो, आणि डोंगरात पडलेला पाऊस खाली कोरड्या वाडीतून लोंढ्याने येतो. वाहती वाडी गाडीने ओलांडायची नाही. त्यात जीव जातो, विमा जातो, आणि तो कायद्याने गुन्हाही आहे. अंधारात गाडी चालवू नका. उंट रस्त्यावर बसलेले असतात, आणि धडकल्यावर त्यांचं धड थेट काचेवर येतं.

वाळूत जी हिरवी झाडं दिसतील ती ग़ाफ. ही आपली शमीच, दसऱ्याला पुजतो तीच, राजस्थानातली खेजडी. बदूंच्या (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या) शेळ्या-उंटांना पाला आणि सावली तिचीच मिळते. तिची फांदी शेकोटीसाठी तोडू नका, वाळकीसुद्धा नाही. लाकडाच्या मोळ्या रस्त्यावरच्या दुकानात मिळतात. तिच्या मुळाशी गाडीही घालू नका. बदू कुटुंबाने कॉफी आणि खजूर पुढे केला तर बसा, उजव्या हाताने घ्या. बायकांचे फोटो काढू नका, आणि पुरुषांचेही विचारूनच.

गाडी परत देण्याच्या आदल्या दिवशी खालून नीट धुऊन घ्या. रिमच्या आतल्या बाजूला वाळू चिकटलेली राहिली तर 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि कंपनीला वाटतं की तुम्ही चाक वाकवलंत. चारही टायर आणि स्टेपनी भरलेली ठेवा, घेताना काढला तसाच व्हिडिओ पुन्हा काढा, आणि काही नुकसान नाही असं परतीच्या कागदावर लिहून घ्या. अनामत रक्कम कार्डावरून मोकळी व्हायला काही दिवस लागतात, त्या रकमेवर परतीचा खर्च अवलंबून ठेवू नका.